नव्या पिढीची ॲटॅक पाणबुडी: आपल्या गावाकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या गोदीत पाणबुडीच्या सांगाड्यावर वेल्डिंग करता करता नोकरी संपली आणि वर्धा जिल्ह्यात गावी परत आलो. तेव्हापासून शाळेत, अभ्यासिकेत, बाजाराच्या दिवशी, लग्नाच्या पंगतीत लोक पाणबुडीबद्दल विचारतात. पोट्टे तर फार विचारतात, आणि चांगलं विचारतात. तेच प्रश्न इथं उत्तरांसह लिहून ठेवले आहेत. सरकारनं, नौदलानं किंवा वर्तमानपत्रांनी जे उघड केलं आहे तेवढंच यात आहे. बाकीचं कोणी विचारू नये, मी सांगणारही नाही.

ॲटॅक पाणबुडी म्हणजे कोणती? सगळ्याच हल्ल्यासाठी असतात ना?

नाही. अण्वस्त्रांची क्षेपणास्त्रं घेऊन समुद्रात दडून बसणारी पाणबुडी वेगळी. आपली ‘अरिहंत’ (२०१६) आणि ‘अरिघात’ (ऑगस्ट २०२४) या त्या जातीच्या. त्यांचं काम लपून राहणं. देशावर अण्वस्त्राचा हल्ला झालाच, तर उलट वार करायला कोणीतरी शिल्लक असलं पाहिजे, म्हणून त्या असतात.

ॲटॅक पाणबुडीचं काम शिकाऱ्याचं. शत्रूच्या पाणबुड्या शोधायच्या, त्यांच्या मागावर राहायचं, जहाजं अडवायची, आपल्या विमानवाहू जहाजाच्या पुढं चालून वाट मोकळी आहे का ते पाहायचं, गुपचूप माहिती काढायची. टॉर्पेडो आणि जहाजविरोधी क्षेपणास्त्रं ही तिची हत्यारं. ही पाणबुडी डिझेल-बॅटरीवर चालणारी असू शकते किंवा अणुशक्तीवर चालणारी. अणुशक्तीवर चालते म्हणजे तिच्यावर अणुबॉम्ब असतो, असं नाही. इंजिन वेगळं आणि शस्त्र वेगळं.

आपल्या देशात सध्या कोणतं काम चालू आहे?

दोन वाटांनी चालू आहे.

पहिली वाट डिझेल-इलेक्ट्रिकची. फ्रान्सशी २००५ मध्ये करार झाला आणि मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये स्कॉर्पीन जातीच्या सहा पाणबुड्या बनल्या. पहिली ‘कलवरी’ डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आली, सहावी ‘वागशीर’ १५ जानेवारी २०२५ ला. यातली दुसरी ‘खांदेरी’. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये अलिबागसमोरच्या बेटावर किल्ला बांधायला घेतला, त्याचंच हे नाव. यानंतरच्या सहा पाणबुड्यांच्या योजनेला ‘प्रोजेक्ट ७५ आय’ म्हणतात. तिची निविदा जुलै २०२१ मध्ये निघाली, माझगाव डॉक आणि जर्मनीची टीकेएमएस कंपनी ही जोडी पुढं आली, आणि २०२५ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या.

दुसरी वाट अणुशक्तीवर चालणाऱ्या ॲटॅक पाणबुडीची. तशी पाणबुडी भारतानं आजवर स्वतः बांधलेली नाही. रशियाकडून भाड्यानं आणून चालवली: १९८८ ते १९९१ एक ‘चक्र’, आणि २०१२ ते २०२१ दुसरी ‘चक्र’. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीनं अशा दोन पाणबुड्या देशातच, विशाखापट्टणमला बांधायला मंजुरी दिली. पहिली २०३६-३७ च्या सुमारास तयार होईल आणि दुसरी त्यानंतर साधारण दोन वर्षांनी, असं नौदलप्रमुखांनी त्या डिसेंबरात सांगितलं. पुढं एकूण सहा बांधायचा विचार आहे.

२०३६ हा आकडा नीट ध्यानात ठेवा. आज आठवीत असलेलं पोरगं तेव्हा पंचविशीच्या आसपास असेल.

काका, डिझेलच्या पाणबुडीनं काम भागते, तर अणुवाली काहून पाहिजे?

डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून ते खोल पाण्यात चालवता येत नाही. पाण्याखाली ही पाणबुडी बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की जवळजवळ पृष्ठभागाशी यायचं, नळीतून हवा ओढायची, इंजिन लावून बॅटरी भरायची. सापडण्याचा सगळ्यात मोठा धोका तेवढ्याच वेळात असतो. हळूहळू चाललं तर बॅटरी काही दिवस पुरते. पूर्ण वेगानं पळालं तर तास-दोन तासांत संपते.

यावर एक मधला उपाय आहे, त्याला एआयपी म्हणतात. बाहेरच्या हवेशिवाय वीज तयार करणारी ही यंत्रणा. आपल्याकडे ती डीआरडीओच्या, म्हणजे सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या, अंबरनाथच्या प्रयोगशाळेनं बनवली. फ्युएल सेलवर चालते, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज करते, आणि तिला लागणारा हायड्रोजन पाणबुडीतच तयार होतो, टाक्या भरून न्यावा लागत नाही. जमिनीवरची चाचणी मार्च २०२१ मध्ये यशस्वी झाली. डिसेंबर २०२४ मध्ये ती पाणबुडीत बसवण्यासाठीचा भाग बांधायचं सुमारे १,९९० कोटींचं काम माझगाव डॉकला मिळालं. एआयपी असली की पाणबुडी दोनेक आठवडे खाली राहू शकते, पण हळूहळूच.

आता अंतराचा हिशेब करा. मुंबई ते सिंगापूर समुद्रमार्गे साधारण २,४०० सागरी मैल. ताशी पाच सागरी मैलांनी गेलं तर वीस दिवस. वीसच्या वेगानं गेलं तर पाच. अणुशक्तीची पाणबुडी तो वेग सलग ठेवू शकते, आणि एकदाही वर यावं लागत नाही. हिंदी महासागराएवढ्या पसाऱ्यात फरक इथंच पडतो. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात मात्र लहान, शांत डिझेल पाणबुडी आजही फार चांगली. एक आली म्हणून दुसरी मोडीत काढायची नसते.

अणुभट्टीनं पाणबुडी ढकलणारा पंखा फिरतो कसा?

चंद्रपूरला कोळसा जाळून पाणी उकळतात, वाफ होते, वाफेनं टर्बाइन फिरतं. इथं कोळशाच्या जागी युरेनियम आहे आणि टर्बाइन पंखा फिरवतं, एवढंच समजा. ‘अरिहंत’ची भट्टी ८३ मेगावॅटची असल्याचं प्रसिद्ध झालेलं आहे. तमिळनाडूत कल्पक्कमला आधी जमिनीवर तशीच भट्टी बांधून चालवून पाहिली, मग ती पाणबुडीत बसवली.

इंधन किती वर्षं पुरतं ते देशादेशावर आहे. अमेरिकेच्या व्हर्जिनिया जातीच्या पाणबुडीला तिच्या तेहतीस वर्षांच्या आयुष्यात पुन्हा इंधन भरावं लागत नाही. फ्रान्स कमी समृद्ध केलेलं युरेनियम वापरतो, म्हणून त्यांना साधारण दहा वर्षांनी इंधन बदलावं लागतं.

एक पाणबुडी बनवाले पंधरा-वीस वर्षं काहून लागतात? आपले लोक आळशी हायेत का?

आळशी अजिबात नाहीत. आणि हा वेळ फक्त आपल्यालाच लागतो असंही नाही. अमेरिकेनं व्हर्जिनियाचा आराखडा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हाती घेतला, पहिली पाणबुडी २००४ मध्ये दाखल झाली. ब्राझील १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अणुपाणबुडीच्या मागे आहे. आपल्या ‘अरिहंत’ला पहिल्या विचारापासून नौदलात येईपर्यंत चाळीसेक वर्षं लागली.

आराखडा, भट्टी, पोलाद, सोनार (पाण्यात आवाजावरून शोध घेणारी यंत्रणा), प्रत्येकाला वेळ लागतोच. पण माझ्या मते सगळ्यात महाग पडते ती गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. काम मध्येच थांबलं की हात मोडतात.

जर्मनीशी डिसेंबर १९८१ मध्ये चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन तिकडं बनल्या, दोन मुंबईत. मुंबईची पहिली ‘शल्की’ १९९२ मध्ये नौदलात आली, दुसरी ‘शंकुल’ १९९४ मध्ये. माझ्या आधीच्या पिढीतल्या वेल्डरांनी, फिटरांनी जर्मनीत जाऊन शिकून हे काम केलं होतं. पुढं आणखी दोन बांधायच्या होत्या. पण १९८७ मध्ये दलालीच्या आरोपांचं वादळ उठलं आणि त्या झाल्याच नाहीत. त्यानंतर मुंबईत पाणबुडीसाठी पोलादाची पहिली प्लेट कापली गेली ती थेट डिसेंबर २००६ मध्ये, स्कॉर्पीनसाठी. ‘शंकुल’नंतर बारा वर्षं!

वेल्डिंगच्या बहुतेक नियमावल्यांमध्ये असं आहे की सहा महिने त्या पद्धतीचं काम केलं नाही तर वेल्डरचं प्रमाणपत्र बाद होतं, पुन्हा परीक्षा द्यावी लागते. एका माणसाला सहा महिन्यांची मुदत, आणि आपण अख्ख्या कारखान्याला बारा वर्षं बसवून ठेवलं. तोवर कोणी निवृत्त झालं, कोणी आखाती देशांत गेलं, कोणी गावी येऊन शेती धरली. जे हातात होतं ते कागदावर उतरत नाही. २००६ नंतर आम्हाला बरंच काही नव्यानं, आणि नव्या परदेशी कंपनीकडून, शिकावं लागलं.

ब्रिटनलाही हाच धडा मिळाला. व्हॅनगार्ड जातीची शेवटची पाणबुडी १९९९ मध्ये झाली. पुढची ‘ॲस्ट्यूट’ २००१ मध्ये बांधायला घेतली, पण बॅरोच्या कारखान्यातले अनुभवी लोक तोवर पांगले होते. उशीर झाला, खर्च वाढला, शेवटी अमेरिकेच्या इलेक्ट्रिक बोट कंपनीची मदत घ्यावी लागली. ती पाणबुडी २०१० मध्ये दाखल झाली.

आता स्कॉर्पीनची सहावीही देऊन झाली आहे. सहा पाणबुड्यांवर तयार झालेले हात आज उपलब्ध आहेत. पुढचं काम लवकर सुरू झालं नाही तर तेही जातील, ही माझी खरी काळजी आहे. म्हणून कोणी ‘इतकी घाई कशाला’ म्हटलं की मला राग येतो.

वेल्डिंग तर आपल्या गावातला फॅब्रिकेशनवालाही करतो. त्यात एवढं अवघड काय?

त्याचं काम कमी समजू नका, सुरुवात तिथूनच होते. पण तीनशे मीटर खोलीवर पाणी एका चौरस मीटरवर सुमारे तीनशे टनांनी दाबतं. आपल्या घराच्या दारावर कितीतरी भरलेले ट्रक ठेवल्यागत. हा दाब सगळीकडून सारखा येतो, म्हणून सांगाडा गोल असावा लागतो, आणि गोल म्हणजे खरोखर गोल. जाड प्लेट रोलमध्ये घालून कडी वाकवतात, आतून फ्रेम लावतात, मग एकेक कडी जोडत मोठे भाग तयार होतात. ‘कलवरी’ असे पाच भाग जोडून झाली. वेल्डिंगच्या उष्णतेनं लोखंड ओढलं जातं हे प्रत्येक वेल्डरला माहीत असतं. एका बाजूनं जास्त टाके मारले की गोलाई बिघडते, आणि गोलाई बिघडलेला सांगाडा दाबाखाली चेपायला तिथूनच सुरुवात होते. म्हणून दोघं-दोघं समोरासमोर बसून, ठरलेल्या क्रमानंच वेल्डिंग करतात.

दुसरा वैरी हायड्रोजन. हे पोलाद फार ताकदीचं असतं, आणि जेवढं ताकदीचं तेवढं नाजूक वागवावं लागतं. रॉडच्या वरच्या लेपात जरा जरी ओल राहिली तर वेल्डिंगच्या आगीत तिचा हायड्रोजन होतो आणि धातूत शिरतो. मुंबईच्या पावसाळ्यात तर हवाच ओली. म्हणून रॉड आधी भट्टीत चांगले भाजायचे, मग गरम डब्यात ठेवायचे. तो डबा वेल्डर स्वतःजवळ बाळगतो, लागेल तसा एकेक रॉड काढतो, उरलेले ठरलेल्या वेळेत परत. जमिनीवर पडलेला रॉड उचलून वापरायचा नाही, कितीही चांगला दिसला तरी. प्लेटही आधी हीटर लावून शंभर अंशांच्या पुढं तापवलेली असते. त्या तापल्या सांगाड्याच्या आत, जाड कातडी जॅकेट घालून, आडवं पडून, डोक्यावरचा टाका मारायचा. आपल्याकडच्या मे महिन्यात वाढलेल्या माणसाला उकाडा सहन होतो, पण हात स्थिर ठेवणं ही निराळी गोष्ट.

आणि एवढं करूनही त्या दिवशी कळत नाही. हायड्रोजनची चीर लगेच पडत नाही, एक-दोन दिवसांनीही पडते. म्हणून जोड झाल्यावर थांबायचं, मग अल्ट्रासॉनिक आणि एक्स-रे. फिल्मवर केसाएवढी रेघ दिसली तरी तेवढा भाग कोरून काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. एकाच जागी किती वेळा दुरुस्ती करता येते यालाही मर्यादा असते. प्रत्येक जोडाची नोंद असते: कोणी मारला, कोणत्या पेटीतले रॉड, किती तापमान, कोणी तपासला. ती नोंद पाणबुडी जिवंत आहे तोवर जपतात.

नव्या पिढीची म्हणजे नवीन काय असतं तिच्यात?

शांतता. बाकी सगळं त्यानंतर.

पाण्यात प्रकाश आणि रडार फार दूर जात नाहीत, आवाज मात्र सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगानं. म्हणून समुद्रात ऐकणाऱ्याचं राज्य. ज्याचं यंत्र कमी आवाज करतं त्याला समोरचा आधी ऐकू येतो. बॅटरीवरची पाणबुडी मुळातच शांत. अणुभट्टीवालीत पंप, टर्बाइन, गिअर सतत चालू असतात, आणि त्यांना गप्प करणं हीच खरी विद्या.

त्यासाठी यंत्रं थेट सांगाड्याला बोल्ट करत नाहीत. मोठ्या चौकटीवर बसवतात आणि ती चौकट रबरी पायांवर तरंगती ठेवतात, म्हणजे थरथर बाहेर जात नाही. सांगाड्यावर बाहेरून रबरी फरशा चिकटवतात. उघड्या पंख्याच्या जागी आवरणातला पंप-जेट येतो, कारण पंखा जोरात फिरला की त्याच्या पात्यांवर पाण्याचे बुडबुडे होऊन फुटतात आणि तो आवाज लांब जातो. काही भट्ट्यांमध्ये कमी वेगाला पंप बंद ठेवून पाणी आपोआप फिरेल अशी रचना असते. गिअर काढून टाकून विजेच्या मोटरनं पंखा फिरवण्याकडे आता सगळे वळतायत. फ्रान्सच्या नव्या ‘सुफ्रां’त हळू चालताना मोटर वापरतात, अमेरिकेची कोलंबिया जात तर पूर्ण विजेवरच चालणार आहे.

पंख्याचा दांडा सांगाड्यातून बाहेर येतो ती जागा फार जोखमीची. शेतातल्या बोअरची सबमर्सिबल मोटर जाते तेव्हा पुष्कळदा सील गेलेलं असतं आणि पाणी आत शिरलेलं असतं. इथंही तेच सील, फक्त बाहेरचा दाब कितीतरी जास्त आणि आत माणसं.

याखेरीज पेरिस्कोपच्या जागी कॅमेऱ्याचे खांब आले. त्यांना सांगाड्यातून आरपार नळी घालावी लागत नाही. पाणबुडीतून सोडायची छोटी, माणसाशिवाय चालणारी यानं आली. शिशाच्या बॅटरीऐवजी जपाननं २०२० मध्ये लिथियम-आयनची बॅटरी पाणबुडीत आणली.

समुद्र इथून एवढा दूर. विदर्भाचा याच्याशी काय संबंध?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण पाणबुडीच्या इतिहासातली काही मोठी कामं समुद्रापासून दूरच झालेली आहेत.

जगातली पहिली अणुपाणबुडी अमेरिकेची ‘नॉटिलस’. १७ जानेवारी १९५५ ला ती अणुशक्तीवर पहिल्यांदा समुद्रात निघाली. पण तिच्या भट्टीचा पहिला नमुना बांधला तो आयडाहोच्या वाळवंटात. पाणबुडीच्या सांगाड्याचा तुकडा आणला, भट्टी त्यात बसवली, आणि त्याच्याभोवती पाण्याची मोठी टाकी बांधली. १९५३ च्या उन्हाळ्यात त्यांनी ती भट्टी अटलांटिक महासागर ओलांडायला लागेल इतका वेळ सलग पूर्ण ताकदीनं चालवून दाखवली. वाळवंटात, जागच्या जागी! त्याच आयडाहो राज्यात पेंड ओरेय नावाचं खोल तळं आहे. अमेरिकेचं नौदल आजही तिथं पाणबुड्यांच्या मोठ्या प्रतिकृती सोडून त्यांचा आवाज मोजतं.

आपल्याकडे केरळच्या डोंगरांत, इडुक्की जलाशयावर कुलमावू इथं कोचीच्या एनपीओएल प्रयोगशाळेचं सोनार तपासण्याचं केंद्र आहे. २०२४ मध्ये तिथं नवी तरंगती चाचणी-सुविधा सुरू झाली. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर म्हणजे उसाचा पट्टा. तिथल्या कारखान्यानं ‘अरिहंत’च्या वाफेच्या टर्बाइनची यंत्रणा पुरवली.

विदर्भाचं म्हणाल तर भंडारा, अंबाझरी आणि भद्रावतीचे आयुध कारखाने, पुलगावचा दारूगोळा डेपो, हे सगळं आपल्याला माहीतच आहे. पुलगावच्या आसपासच्या घराघरात संरक्षण खात्यातला एखादा माणूस सापडतो. नागपूर-भंडाऱ्याकडं मँगनीजच्या खाणी आहेत, मँगनीज काढणाऱ्या ‘मॉइल’ या सरकारी कंपनीचं मुख्यालय नागपुरात आहे. मँगनीजशिवाय कुठलंच चांगलं पोलाद होत नाही, कारण पोलादाला ठिसूळ करणारं गंधक ते बांधून ठेवतं. आपलंच मँगनीज पाणबुडीत जातं, असा दावा मी करत नाही. पण आपल्या पोट्ट्यांना धातू, खाण, स्फोटकं, मशीन हे विषय परके नाहीत, एवढं ठाम सांगतो. आणि माझ्यासोबत गोदीत काम करणाऱ्यांत समुद्र न पाहिलेल्या गावांतून आलेले पुष्कळ होते.

आत मोबाइल चालतो का?

नाही. साध्या रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात शिरत नाहीत. फक्त फार लांब लहरी थोड्या खोलीपर्यंत जातात. त्यासाठी तिरुनेलवेलीजवळ ‘आयएनएस कट्टबोम्मन’ हे केंद्र आहे, आणि तेलंगणात विकाराबाद जिल्ह्यात दुसऱ्याची पायाभरणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. पाणबुडीला निरोप येतो, ती सहसा उलट उत्तर देत नाही. घरच्यांनी तेवढा काळ धीर धरायचा.

अपघात झाला तर? रेडिएशनचं काय?

अपघात झालेले आहेत आणि ते लपवून उपयोग नाही. १४ ऑगस्ट २०१३ ला मुंबईत ‘सिंधुरक्षक’मध्ये स्फोट झाले, आपले अठरा जण गेले. ती डिझेल पाणबुडी होती. रशियाच्या ‘कुर्स्क’वर २००० मध्ये ११८ जण गेले.

माझ्या कामाशी सगळ्यात जवळचा अपघात अमेरिकेच्या ‘थ्रेशर’चा. १० एप्रिल १९६३ ला खोल पाण्यातल्या चाचणीत ती बुडाली, १२९ माणसांसह. चौकशीत असं अनुमान निघालं की समुद्राचं पाणी वाहून नेणाऱ्या एखाद्या पाइपचा जोड सुटला असावा, फवाऱ्यानं विजेची यंत्रणा बिघडली, भट्टी बंद पडली. वर येण्यासाठी टाक्यांत हवा सोडली, तर वाल्वच्या जाळीत बर्फ धरला. त्यानंतर अमेरिकेनं ‘सबसेफ’ नावाची शिस्त आणली: पाण्याच्या दाबाशी संबंध येणाऱ्या प्रत्येक भागाची, प्रत्येक जोडाची लेखी साखळी. त्या प्रमाणपत्राची एकही पाणबुडी आजवर बुडालेली नाही. वर मी ज्या नोंदवहीबद्दल लिहिलं ती आपल्याला त्रासाची का वाटू नये, ते यावरून कळेल.

भट्टीभोवती शिशाचं आणि पोलादाचं जाड आवरण असतं. आतली माणसं महिनोन्‌महिने तिच्या जवळ राहतात, झोपतात, जेवतात. ती आवरणं चोख असल्याशिवाय पाणबुडी धक्क्यावरून हलत नाही. बुडालेल्या पाणबुडीतून माणसं काढायला आपल्या नौदलाकडे खोल पाण्यातली दोन बचाव याने आहेत, एक पश्चिम किनाऱ्यासाठी आणि एक पूर्व किनाऱ्यासाठी.

कापसाले भाव नाही, सोयाबीनले भाव नाही, अन् सरकार पाणबुडीवर पैसा घालते. हे बरोबर हाय का?

हा प्रश्न ज्या घरातून येतो त्या घराला मी हलकं उत्तर देणार नाही. मीही शेतकऱ्याचाच मुलगा आहे.

आकडे आधी सांगतो. स्कॉर्पीनच्या सहा पाणबुड्यांचा प्रकल्प सुमारे २३,५६२ कोटींचा. अणुशक्तीच्या दोन ॲटॅक पाणबुड्यांसाठी ४० हजार कोटींच्या आसपासचा आकडा मंजुरीच्या वेळी वर्तमानपत्रांत आला. ऑस्ट्रेलियानं अशाच पाणबुड्यांच्या योजनेसाठी तीस वर्षांत ३६८ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत खर्च धरला आहे. रक्कम मोठी आहे, आणि ती एका वर्षात नाही, दहा-पंधरा वर्षांत पसरते.

आता आपल्या शेताकडं बघा. पोटॅशची पोती पूर्णपणे बाहेरून येतात. डीएपीचा मोठा वाटा बाहेरून येतो. ट्रॅक्टरमध्ये जे डिझेल घालतो त्याचं कच्चं तेल शंभरातलं पंच्याऐंशीच्या वर परदेशातून येतं. वजनाच्या हिशेबानं देशाचा ९५ टक्क्यांच्या आसपास व्यापार समुद्रावरून होतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा जहाजांना अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जावं लागलं आणि भाडी चढली. त्या वाटा उघड्या राहणं हे वर्ध्याच्या शेतकऱ्याच्याही हिताचं आहे.

पण पाणबुडी कापसाला भाव मिळवून देणार नाही. तसं कोणी भाषणात सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. भावाची मागणी वेगळी आहे, ती करत राहिलीच पाहिजे, आणि देशाच्या संरक्षणाचं नाव घेऊन ती कोणी गप्प करू नये. दोन्ही गोष्टी एकाच सरकारनं करायच्या असतात. शिवाय पाणबुडी विकत आणली तर पैसा बाहेर जातो, इथं बांधली तर त्यातला मोठा भाग पगार, पोलाद आणि शिक्षणातून इथंच फिरतो. निदान इथं बांधा, हे आपण म्हणू शकतो.

ड्रोन आले, एआय आलं. २०३६ पर्यंत पाणबुडीच जुनी होणार नाही का?

शोधणं सोपं होत जाणार, हे खरं. पण समुद्र साधा नाही. पाण्याचे उष्ण-थंड थर आवाज वाकवतात, कोळंबी आणि देवमासे गोंगाट करतात, उपग्रहाला खोलवर दिसत नाही. पाण्याखालच्या ड्रोनला बॅटरीची मर्यादा आहे आणि त्याच्याशी बोलणंही अवघड. माझा अंदाज असा की पाणबुडी जाणार नाही, तीच ड्रोन घेऊन फिरेल. म्हणून आज आराखडा काढताना जागा आणि वीज राखून ठेवली पाहिजे. पुढच्या तीस वर्षांत काय बसवावं लागेल ते आज कोणालाच माहीत नसतं.

माझ्या मुलाले, नाहीतर मुलीले, यात काम करायचं हाय. काय करावं?

नौदलात जायचं तर दहावीवर एमआर (मॅट्रिक रिक्रूट) आणि बारावीला गणित-भौतिकशास्त्र घेऊन एसएसआर (सीनियर सेकंडरी रिक्रूट), अशा अग्निवीर भरत्या निघतात. प्रशिक्षण ओडिशातल्या ‘आयएनएस चिल्का’ला. चार वर्षांनंतर चौथा हिस्साच पुढं घेतात, हे आधी समजून घ्या. पाणबुडीवर जाणाऱ्यांचं शिक्षण विशाखापट्टणमच्या ‘आयएनएस सातवाहन’मध्ये होतं. अधिकारी व्हायचं असेल तर एनडीए, किंवा बारावीनंतर जेईई मेनच्या गुणांवर इंजिनिअरिंगची नौदल प्रवेश योजना.

बांधणाऱ्यांत यायचं असेल तर तालुक्याच्या आयटीआयपासून वाट आहे. माझगाव डॉक जवळपास दरवर्षी आठवी, दहावी आणि आयटीआय पास मुलांसाठी ॲप्रेंटिसशिपची जाहिरात काढतं. फिटर, वेल्डर, पाइप फिटर, इलेक्ट्रिशियन, रिगर असे ट्रेड असतात. मुंबई आणि विशाखापट्टणमच्या नेव्हल डॉकयार्डच्या ॲप्रेंटिस शाळांचीही भरती असते. डीआरडीओ तंत्रज्ञांची भरती ‘सेप्टम’ या आपल्या भरती केंद्रामार्फत करतं. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावरून भरा. ‘भरतीचं जुळवून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, आपल्या भागात असे फिरतात.

मुलींबद्दल लोक दबक्या आवाजात विचारतात. वेल्डर ट्रेडला मुली घेतात आणि गोद्यांमध्ये मुली ॲप्रेंटिस म्हणून येतात. बारीक जोडाला लागणारा स्थिर हात आणि संयम त्यांच्याकडे असतो, मी शिकवताना पाहिलं आहे.

आयटीआयमध्ये गेलात तर सपाट पट्टीवर टाका मारून समाधान मानू नका. सरांना सांगून पाइप ४५ अंशांत तिरका बांधून घ्या, तो न फिरवता चारही बाजूंनी जोडायचा सराव करा. त्याला ‘सिक्स-जी’ म्हणतात आणि चांगल्या कामाच्या निवडीत तोच विचारतात. झालेला जोड करवतीनं कापून आतून पाहा. काळे ठिपके दिसले तर रॉड ओले होते किंवा हात घाईत होता. कापलेले तुकडे तारीख लिहून ठेवा आणि सुट्टीत गावी आलात की घेऊन या, मी घरीच असतो, सोबत बसून पाहू.